रेडमॅन निर्दय का वाटतो आणि कूगा का नाही: टोकुसात्सु नायकांच्या हिंसेविषयी

प्रश्न असा आहे: अल्ट्रामॅन, कामेन रायडर यांसारख्या टोकुसात्सु मालिका, म्हणजे पोशाखातले नायक-राक्षस आणि दृश्य-करामती यांवर उभ्या जपानी मालिका, लहान मुलांसाठी असतात म्हणतात. मग त्यांतले नायक शत्रूचं डोकं उडवतात, हात तोडतात, पडलेल्याला भोसकतात, हे कसं चालतं? सगळ्यात क्रूर नायक कोण? आणि घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला यातलं काय दाखवावं, काय टाळावं?

मधला प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीच्या दोन्हींची किल्ली त्याच्या उत्तरात आहे. क्रूर नायकांचा विषय निघाला की चाहते पहिलं नाव घेतात ते रेडमॅनचं. गंमत म्हणजे रेडमॅनमध्ये रक्त जवळजवळ दिसतच नाही.

रेडमॅन ही त्सुबुराया प्रॉडक्शन्सची १९७२ सालची मालिका. निप्पॉन टेलिव्हिजनवर सकाळी मुलांचा एक कार्यक्रम लागायचा, त्यातला हा छोटासा तुकडा. एकेक भाग जेमतेम तीन मिनिटांचा, आणि असे १३८ भाग. पैसा बेताचा. त्यामुळे शहराची प्रतिकृती नाही, इमारती नाहीत, विमानं नाहीत, माणसं नाहीत, संवादही नाहीत. उघडं माळरान, झुडपं, दरडी, आणि अल्ट्रामॅन किंवा मिररमॅनसारख्या मालिकांतून उरलेले, बरेचसे झिजलेले काइजूंचे पोशाख. काइजू म्हणजे महाकाय राक्षसी प्राणी. तो इकडून तिकडे चालत असतो. रेडमॅन समोर येतो, ‘रेड फाइट!’ असं ओरडतो आणि तुटून पडतो. लाथाबुक्क्या होतात, मग ‘रेड अ‍ॅरो’ नावाचा भाला नाहीतर ‘रेड नाइफ’ नावाची सुरी, किंवा सरळ उचलून कड्यावरून खाली. काइजू मेला की भाग संपला.

यात क्रौर्य येतं कुठून? एक तर काइजूने काय गुन्हा केलाय तेच आपल्याला दिसलेलं नसतं. अल्ट्रामॅनमध्ये वीस मिनिटं शहर उद्ध्वस्त होतं, माणसं पळतात, आणि मग लढाई होते. इथे ती वीस मिनिटंच कापून टाकली आहेत. दुसरं, आजूबाजूला खेळण्यातली घरं नसल्यामुळे चाळीस मीटरचा राक्षस आपल्या डोळ्यांना पावणेदोन मीटरचाच दिसतो. भर उन्हात, डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवून, नेहमीच्या वेगात टिपलेलं ते दृश्य म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला पाडून भोसकणं, इतकंच उरतं. आणि तिसरं, मारून झाल्यावर काहीच घडत नाही. कुणी सुटकेचा श्वास टाकत नाही, कुणाला वाईट वाटत नाही. २०१६मध्ये त्सुबुरायाने हे भाग यूट्यूबवर टाकले तेव्हा नव्या पिढीने त्यावर हसून हसून ‘दिसेल त्याला भोसकणारा लाल माणूस’ अशा अर्थाचं टोपणनाव त्याला चिकटवलं, ते या तीन गोष्टींमुळे. बनवणाऱ्यांच्या मनात क्रौर्य दाखवण्याचा विचार असेल असं मला वाटत नाही. पैसे कमी होते, एवढीच ती कहाणी.

तेव्हा टोकुसात्सुमधली हिंसा जोखायची तर रक्त मोजून उपयोग नाही. समोरचा कोण आहे आणि त्याला आपण किती ओळखतो, तो हरल्यावर नायक हात आवरतो का, आणि मारून झाल्यावर गोष्ट थांबते का, हे पाहायचं. या तीन प्रश्नांनी कुठलीही मालिका पाच मिनिटांत तपासता येते.

आता हे सगळं आलं कुठून ते पाहू. जपानी दूरचित्रवाणीवरचा पहिला मोठा मुखवटाधारी नायक म्हणजे गेक्को कामेन. १९५८ ते १९५९ या काळात, आज टीबीएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाहिनीवर तो गाजला. पांढरा फेटा, काळा चष्मा, मोटरसायकल, कमरेला दोन पिस्तुलं. आणि ब्रीद काय, तर द्वेष करू नका, मारू नका, क्षमा करू या. त्याचे लेखक कावाउची कोहान हे बौद्ध घरातले होते आणि त्यांनी नायकाचं नाव चंद्रप्रभ बोधिसत्त्वावरून घेतलं होतं, म्हणजे भारतातून चीनमार्गे तिकडे गेलेल्या एका दैवतावरून. तरीही मुलं उंचावरून उड्या मारून जखमी होतात अशी टीका त्याच्यावर झालीच. मारू नका म्हणणाऱ्या नायकालाही नकलेचा आरोप चुकला नाही, हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

१९६६चा पहिला अल्ट्रामॅन बहुतेकदा किरण सोडून मारायचा. किरण लागला की काइजू फुटायचा किंवा कोसळायचा, प्रकरण स्वच्छ. १९६७च्या अल्ट्रासेव्हनच्या डोक्यावरचा तुरा मात्र फेकून मारायचं पातं होता, आणि त्याने मुंडकी उडायला लागली. खरी उसळी आली १९७१नंतर. त्या वर्षी जानेवारीत स्पेक्ट्रमॅन, एप्रिलमध्ये कामेन रायडर आणि ‘परतलेला अल्ट्रामॅन’ नावाची मालिका, वर्ष संपायच्या आत सिल्व्हर कामेन आणि मिररमॅन. पुढच्या दोन वर्षांत आणखी कितीतरी. संध्याकाळच्या त्याच वेळांत, त्याच मुलांसाठी, एकाच वेळी इतके नायक उभे राहिल्यावर प्रत्येकाला आपला ठोसा शेजाऱ्यापेक्षा जोरात बसायला हवा होता. मोठ्यांसाठीच्या तलवारबाजीच्या चित्रपटांत रक्ताची कारंजी तोवर रुळली होती, आणि मुष्टियुद्ध, कुस्ती या गोष्टी घराघरांत पाहिल्या जात होत्या. १९७०पासून लागणाऱ्या अल्ट्रा फाइट या पाच मिनिटांच्या मालिकेत तर जुन्या लढायांवर टीबीएसचे निवेदक यामादा जिरो कुस्तीच्या फडावर बोलावं तसं धावतं वर्णन करत. रेडमॅन हा त्याच मालिकेचा धाकटा भाऊ, फक्त वर्णन करणारा माणूस काढून घेतलेला. तो विनोदी आवाज गेला आणि उरलं ते भोसकणं.

१९७२चा अल्ट्रामॅन एस हा कापाकापीचा कळस. त्याच्या अस्त्रांच्या नावांतच गिलोटिन आहे, एक नाही, अनेक. एका कथेत व्हर्टिकल गिलोटिनने तो धाकट्या मेट्रॉन परग्रहवासीयाला डोक्यापासून पायापर्यंत उभा चिरतो आणि दोन्ही फाळके बाजूला पडतात. शत्रूही काही कमी नव्हते: त्याच कथेत डोरागोरी हा राक्षस मुरुची या दुसऱ्या राक्षसाला हातांनी फाडतो. १९७३च्या अल्ट्रामॅन तारोमध्ये बर्डन नावाचा पक्षी तारोला चोचीने टोचून मारतो, आणि मदतीला आलेल्या झोफी या दुसऱ्या अल्ट्रा नायकाच्या डोक्याला आग लागते. तारो तर मुलांना हसवणारी, गाण्यांची, उजळ मालिका म्हणून ओळखली जाते! त्याच वर्षी तोहो कंपनीने काढलेला झोन फायटर, ज्याच्या मदतीला अधूनमधून गॉडझिला यायचा, तोही लोळवलेल्या शत्रूवर अगदी जवळून क्षेपणास्त्रांचा मारा करत राहण्यासाठी प्रसिद्ध आहे.

मात्र एसची कथा संपते कशी ते पाहा. मार्च १९७३मधल्या शेवटच्या भागात, इचिकावा शिनइचींनी लिहिलेल्या, एस पृथ्वी सोडताना मुलांना सांगतो की मायाळूपणा सोडू नका, दुबळ्यांना जपा, एकमेकांना मदत करा, कुठल्याही देशातल्या माणसांशी मैत्री करायची इच्छा टिकवा, शेकडो वेळा विश्वासघात झाला तरीही. वर्षभर मुंडकी उडवणाऱ्याच्या तोंडी हे शब्द आहेत आणि ते ढोंगी वाटत नाहीत, कारण त्याच भागात मुलांच्या दयाबुद्धीचा फायदा घेऊन शत्रू त्यांना फसवतो. जपानी समीक्षक या शेवटाला अजून मानतात आणि माझ्या मते ते बरोबर आहे. पण शेवटच्या पाच मिनिटांत आलेल्या या बोलण्याने आधीच्या पन्नास भागांतली चिरफाड वेगळी दिसायला लागते, असं म्हणणं जरा जास्त होईल.

शारीरिक चिरफाडीपेक्षा जास्त बोचणारी हिंसा ज्यात आहे, तो भाग यापूर्वीच येऊन गेला होता: परतलेल्या अल्ट्रामॅनचा ३३वा भाग, नोव्हेंबर १९७१. लेखक उएहारा शोझो, ओकिनावातल्या नाहा शहरचे. नदीकाठच्या पडक्या झोपडीत एक अनाथ मुलगा आणि आजारी म्हातारा राहतात. गावातली मोठी पोरं त्या मुलाला मानेपर्यंत मातीत पुरतात, डोक्यावर गढूळ पाणी ओततात, वर सायकल घालायला येतात. त्याने शिजवलेली पेज लाथेने उलटवतात. म्हातारा परग्रहावरचा आहे असं कळल्यावर जमाव बांबू घेऊन चालून येतो, आणि एक पोलिस म्हाताऱ्याला गोळी घालतो. त्याने जमिनीखाली डांबून ठेवलेला राक्षस त्याच क्षणी मोकळा होतो आणि तोच जमाव अल्ट्रामॅनला हाका मारायला लागतो. नायक गो हिदेकी जागचा हलत नाही. हे तुम्हीच ओढवून घेतलंय, असं त्याच्या मनात येतं. इथे क्रूर कोण, याचं उत्तर मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. काइजूशी लढाई होते ती पावसात, आणि जिंकल्याचा आनंद कुठेच नाही. माझ्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं, म्हणजे समोरचा कोण, इतकं पक्कं उत्तर देणारा भाग दुसरा नाही.

लिओबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथे मार खाणारा नायकच आहे. १९७४च्या अल्ट्रामॅन लिओमध्ये पाय अधू झालेला मोरोबोशी दान, म्हणजे पूर्वीचा अल्ट्रासेव्हन, तरुण ओतोरी गेनला लढाई शिकवतो: काठीने झोडपतो, अंगावर बूमरँग सोडतो, आणि एका प्रसिद्ध दृश्यात त्याच्या मागे जीप घालतो. अभिनेता खरोखर जीपपुढे पळतो आहे. क्रीडापटूंच्या खडतर सरावाच्या कथा त्या काळी जपानात फार चालत, तोच साचा इथे उचलला. तिसऱ्या भागात त्सुरुकु हा परग्रहवासी रात्री रस्त्यात माणसं कापत फिरतो आणि दोन मुलांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या वडिलांना मारतो. संध्याकाळी सातच्या मालिकेत!

आता हे पडद्यावर घडवतात कसं, ते कळलं की क्रौर्याचा कस लावणं सोपं जातं. कामेन रायडरच्या मारामाऱ्या सुरुवातीला ओनो केनयूकाई या तलवारबाजी करणाऱ्या मंडळाने बसवल्या. अभिनेते चिबा शिनइची यांनी १९७०मध्ये काढलेला जपान अ‍ॅक्शन क्लब पुढे या क्षेत्रातला मोठा गट झाला. या पद्धतीत वार अंगाला लागत नाही. कॅमेरा अशा कोनात ठेवतात की हात आणि गाल यांच्यातली वीतभर जागा दिसू नये, आणि वार ‘लागतो’ तो मार खाणाऱ्याच्या झटक्याने आणि मागाहून घातलेल्या आवाजाने. मारणाऱ्यापेक्षा खाणारा कसबी लागतो. पवित्रा, वार, झटका, क्षणभर विराम, पुन्हा पवित्रा, अशी ही साखळी. त्यातला विराम काढून टाकला, पवित्रा मोडला आणि एकाच जागी वार पडत राहिले, की शौर्याची मारामारी मारहाण होऊन बसते. बाकी काहीही बदलावं लागत नाही.

महाकाय नायकांचं गणित वेगळं. सेकंदाला २४ चित्रांऐवजी ७२ चित्रं टिपली तर पडद्यावर हालचाल तिप्पट संथ होते आणि पोशाखातल्या माणसाला डोंगराचं वजन येतं. वजन आलं की मार जास्त लागल्यासारखा वाटतो, पण त्याच वेळी तो माणसाच्या जगापासून दूर जातो, म्हणून अल्ट्रामॅनमधली तुटलेली मान मुलं सहज पचवतात. रायडर माणसाच्या उंचीचा, नेहमीच्या वेगात टिपलेला. त्याच्या मालिकेत तीच मान तुटली तर अंगावर येते. म्हणून त्यातल्या शॉकर या शत्रू संघटनेचे सैनिक आणि काइजिन, म्हणजे माणसाएवढे राक्षस, मेले की फेस होऊन विरघळतात किंवा स्फोट होतो: प्रेत मागे राहत नाही. सेंताई, म्हणजे रंगीत पोशाखातल्या नायकांच्या गटाच्या मालिकांत रक्ताच्या जागी ठिणग्या असतात, पोशाखावर लावलेले दारूचे छोटे बार विजेने उडवून. आणि रक्त दाखवायचंच झालं तर त्याचा रंग बदलतात, हिरवा, पिवळा, नाहीतर काळा. हे सगळे पडदे आहेत आणि ते विचार करून लावलेले आहेत. एखादी मालिका यातला कुठला पडदा बाजूला करते यावर लक्ष ठेवलं, की ती कुणासाठी बनली आहे ते आपोआप कळतं.

ऑक्टोबर १९७४च्या कामेन रायडर अमेझॉनने एकदम बरेच पडदे काढले. त्याची रायडर किक नावापुरती. तो चावतो, ओरबाडतो, आणि हातावरच्या पात्याने कापतो. त्याच्या मुख्य वाराचं नावच ‘महाछेद’ म्हणावं असं आहे, आणि तो बसला की रंगीत रक्त उसळतं. तरीही हा नायक निर्दय वाटत नाही. जंगलात वाढलेला, नीट बोलता न येणारा, घाबरल्यावर कोपऱ्यात अंग चोरणारा तरुण आहे तो, आणि एका लहान मुलाशी त्याची पहिली मैत्री होते. जनावर जसं लढेल तसा लढतो, सूड म्हणून नाही. मालिका २४ भागांत संपली, पण ती हिंसेमुळे बंद पडली हा समज चुकीचा आहे. १९७५च्या मार्चअखेरीस ओसाकातल्या वाहिन्यांची तोक्योतल्या वाहिन्यांशी असलेली जोडणी बदलली आणि मालिकेची निर्मिती ज्या मायनिची वाहिनीकडे होती ती दुसऱ्या जाळ्यात गेली. कारण कार्यालयीन होतं.

नायकाच्या हिंसेचा सगळ्यात विचारपूर्वक केलेला उपयोग मात्र कामेन रायडर कूगात आहे. जानेवारी २००० ते जानेवारी २००१, रविवारी सकाळी आठ वाजता, ४९ भाग. निर्माते ताकातेरा शिगेनोरी, मुख्य लेखक अराकावा नारुहिसा. ग्रोंगी नावाची प्राचीन जमात माणसांना नियम ठरवून, खेळ म्हणून मारते: अमुक दिवसांत अमुक इतकी माणसं. ३४ आणि ३५व्या भागांतला जाराजी हा ग्रोंगी एका शाळेतली ९० मुलं निवडतो. दिसणारही नाही असा बारीक काटा त्यांच्या मेंदूत सोडतो. चौथ्या दिवशी तो वाढतो आणि मूल मरतं. आधी तो त्यांना सांगून ठेवतो, म्हणजे ती चार दिवस घाबरत राहतील. त्याला तेच पाहायचं असतं. नायक गोदाई युसुके अंत्यविधींमागून अंत्यविधी पाहतो.

गोदाई हा सतत अंगठा वर करून हसणारा, कुणालाही ठोसा मारायला मनापासून न आवडणारा माणूस. तो जाराजीला गाठतो तेव्हा आधीच्या ३४ भागांत न पाहिलेलं घडतं. पवित्रा नाही. एका हाताने धरून दुसऱ्या हाताने तोंडावर ठोसे, पुन्हा पुन्हा, रक्त उडेपर्यंत. मग वाहनावर घालून त्याला पाण्याकाठी, वस्तीपासून दूर नेतो. यामागे व्यावहारिक कारण आहे: कूगाच्या वाढलेल्या शक्तीने काइजिन फुटला तर तीन किलोमीटरचा परिसर उडतो, हे आधी घडून गेलेलं आहे. तिथे तलवारीने एकदा नाही, अनेकदा कापतो आणि शेवटी भोसकतो. स्फोटाच्या आगीत त्याला एक काळी, शिंगांची आकृती दिसते, ती तो स्वतःच. ज्या शक्तीने लोकांना वाचवतोय तीच त्याला पुढचा ग्रोंगी बनवू शकते, हे त्या क्षणी त्याला आणि आपल्याला कळतं. मुखवट्याला चेहरा नसतो, म्हणून हे सगळं पोशाखातल्या तोमिनागा केन्जींच्या खांद्यांतून आणि ओदागिरी जो यांच्या ओरडण्यातून येतं.

४८व्या भागात हिशेब पुरा होतो. कुरोगाताके डोंगरावर बर्फात गोदाई आणि ग्रोंगींचा म्होरक्या दागुबा लढतात, आधी एकमेकांना पेटवून देतात, मग हातांनी. रूप बदलून देणारे कमरपट्टे फुटतात, पोशाख गळून पडतात, आणि दोन माणसं एकमेकांना ठोसे मारत राहतात. पांढऱ्या बर्फावर लाल रक्त. इथे रंग बदललेला नाही, ठिणग्या नाहीत, अंतर नाही, सगळे पडदे एकदम बाजूला केलेत. दागुबा हसतोय, गोदाई रडतोय. आणि शेवटच्या, ४९व्या भागात लढाईच नाही: माणसं आपापल्या कामाला लागलेली, गोदाईची आठवण काढतायत, तो दूर समुद्रकाठी. मारून झाल्यावर गोष्ट थांबते का, या प्रश्नाला एक अख्खा भाग उत्तर म्हणून देणारी मालिका विरळा.

२००२च्या कामेन रायडर र्‍यूकीत १३ रायडर एकमेकांनाच मारतात आणि नायक शेवटच्या भागाच्या आधीच मरतो. तिथे क्रौर्य नियमात आहे, ठोशात नाही. जेटमॅन या सेंताई मालिकेचा शेवटही बघण्यासारखा आहे (फेब्रुवारी १९९२): जगाला वाचवणाऱ्या पाचांपैकी एकाला, मित्राच्या लग्नाला जाताना, रस्त्यावरचा एक भुरटा चोर भोसकतो.

मोठ्यांसाठी म्हणून जे निघालं ते वेगळ्या रांगेतलं. १९९२चा व्हिडिओवर आलेला शिन: कामेन रायडर, ज्यात नायक शत्रूचं मुंडकं पाठीच्या कण्यासकट उपसतो. रात्री उशिरा लागणारी गारो, २००५ची. २०१६ची कामेन रायडर अमेझॉन्स ही अमेझॉन प्राइमवर आलेली मालिका, कोबायाशी यासुकोंची; माणसाचं मांस खायची भूक असलेल्या कृत्रिम पेशी, काळं रक्त, तुटलेले अवयव. हीच मालिका नंतर दूरचित्रवाणीवर दाखवताना काही दृश्यांना कात्री लावावी लागली. २०२२ची कामेन रायडर ब्लॅक सन तर १८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठीच. यांत रक्त भरपूर आहे, पण रक्त आहे म्हणून खोली येतेच असं नाही. ब्लॅक सनमध्ये काही ठिकाणी ती चिरफाड कथेच्या पुढे धावते, असं माझं मत.

दिग्दर्शक आन्नो हिदेआकींचा २०२३चा चित्रपट शिन कामेन रायडर या बाबतीत जास्त सावध आहे. सुरुवातीच्याच मारामारीत सैनिकांची डोकी फुटतात, रक्ताचे फवारे उडतात, आणि मग नायक होंगो आपले रक्ताळलेले हातमोजे पाहून हादरतो. मुखवटा घातला की मारण्याची प्रेरणा वाढते, असं कथेतच सांगितलंय. त्याच्या ताकदीला त्यांनी नाव दिलंय ‘प्राणा’, आपलाच ‘प्राण’, इतरांचा प्राण शोषून चालणारा. मारलेल्यांसाठी होंगो मान खाली घालून उभा राहतो. पूर्वी रेडमॅनमध्ये जी जागा रिकामी होती, तीच इथे भरलेली आहे.

बाहेरच्या देशांत हाच वाद वेगळ्या अंगाने झाला. झ्यूरेंजर या जपानी सेंताई मालिकेच्या दृश्यांवर उभी राहिलेली पॉवर रेंजर्स ही अमेरिकी मालिका १९९४मध्ये न्यूझीलंडच्या टीव्हीवरून तक्रारींमुळे काढली गेली, कॅनडातही त्याच वर्षी तिच्याविरुद्ध निर्णय झाला. तीत रक्त नाही, मेलेलं माणूस नाही, फक्त ठिणग्या. आक्षेप होता तो मारामारीच्या प्रमाणाला आणि प्रत्येक भांडण लाथेने मिटतं या शिकवणीला. पुढे त्याच न्यूझीलंडमध्ये वर्षानुवर्षं तिचं चित्रीकरण चाललं! आपल्याकडे ही मालिका हिंदीतून आली आणि मराठी घरांत बिनबोभाट पाहिली गेली. त्याआधी दूरदर्शनवर जायंट रोबोट पाहिलेल्यांना आठवत असेल की त्यात सगळ्यात जास्त रडवणारा प्रसंग शत्रूच्या मरणाचा नव्हता, तर मुलाची हाक न ऐकता शत्रूला घेऊन आकाशात झेपावणाऱ्या रोबोटचा होता.

नकलेचा मुद्दा मी हलका मानत नाही. गेक्को कामेनच्या वेळेपासून मुलं जखमी होतात ती उड्यांमुळे आणि लाथांमुळे; चिरफाडीची नक्कल करायला कुणी जात नाही. म्हणून पालकांनी रक्तावर डोळा ठेवून लाथ दुर्लक्षित करणं उलटं आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला गादीवरसुद्धा लाथ दुसऱ्याच्या अंगावर मारायची नाही आणि उंचावरून उडी नाही, हे आधी सांगून मग मालिका लावावी.

दाखवायचं काय? आठ-दहाच्या वयाला पहिला अल्ट्रामॅन आणि २००१चा अल्ट्रामॅन कॉसमॉस, ज्यात नायक शक्य तिथे काइजूला शांत करून परत पाठवतो. एस आणि तारो सोबत बसून चालतील. महाकाय आकारामुळे त्यांतली कापाकापी खेळण्यासारखी दिसते. लिओचे पहिले चार भाग या वयाला नको. अल्ट्रामॅन नेक्सस मुळीच नको: २००४मध्ये शनिवारी सकाळी साडेसातला लावलेली ही मालिका माणसं खाणारे प्राणी आणि उद्ध्वस्त झालेली कुटुंबं दाखवत होती, प्रेक्षक मिळाले नाहीत आणि ती ३७ भागांत आटोपावी लागली. ती वाईट नाही, चुकीच्या वेळी लागली. बारा-तेराच्या पुढे ती चांगली वाटते. परतलेल्या अल्ट्रामॅनचा ३३वा भाग दहाव्या वर्षी दाखवता येतो, पण शेजारी बसून, आणि नंतर अर्धा तास मोकळा ठेवून, कारण प्रश्न येतात. अमेझॉन्स, ब्लॅक सन, १९९२चा शिन हे मोठ्यांचं. २०२३चा शिन जपानात बारा वर्षांखालच्यांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा अशा गटात आहे, ती पायरी मला योग्य वाटते.

कूगा तेरा-चौदाच्या पुढे आणि क्रमाने. यूट्यूबवर ३५व्या भागातली ती मारहाण सुटी कापून टाकलेली सापडते. तशी दाखवू नका, तशी पाहिली तर ती रेडमॅनच होते. ३४ आणि ३५ हे भाग एका बैठकीत पाहावेत, आणि ४८ पाहिला की ४९ त्याच दिवशी.